तारायंत्र ते संगणक : वऱ्हाडातील उद्योग-महाविद्यालय भागीदारीचे ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

उच्च शिक्षण संस्था आणि उद्योग यांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांमध्ये डिजिटल कौशल्ये निर्माण करावीत, हा विचार आज शासनाच्या धोरणांत, विद्यापीठांच्या परिपत्रकांत आणि महाविद्यालयांच्या स्वयंमूल्यांकन अहवालांत सर्वत्र आढळतो. हा विचार जणू एकविसाव्या शतकातच जन्माला आला, अशा पद्धतीने त्याची मांडणी होत असते. परंतु उद्योगाला हवे असलेले कौशल्य कोणी, कोठे आणि कोणाच्या खर्चाने निर्माण करावयाचे, हा प्रश्न वऱ्हाडासमोर दीडशे वर्षांपासून उभा आहे. तारायंत्राच्या जागी संगणक आला आणि संगणकाच्या जागी मोबाइल आला, तरी प्रश्नाचे मूळ स्वरूप फारसे बदललेले नाही.

प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. त्यासाठी प्रत्येक कालखंडाला तीन प्रश्न विचारले आहेत. काय शिकवावयाचे हे कोणी ठरविले? शिकविणारा कोणाचा होता? आणि शिकलेले कौशल्य कोठे वापरले गेले? येथे डिजिटल कौशल्य या संज्ञेचा अर्थ संगणक व जालाच्या साहाय्याने माहिती मिळविणे, ती पारखणे, मांडणे आणि व्यवसायात तिचा उपयोग करणे असा व्यापक घेतला आहे.

कापूस, रेल्वे आणि तारायंत्र

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्यांचे लक्ष वेधले गेले. अकोला व बडनेरा या मार्गाने जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचली. रेल्वेबरोबर तारायंत्र आले. मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी स्वतंत्र कापूस आयुक्त नेमण्यात आला आणि त्या पदावरील हॅरी रिव्हेट-कारनॅक याने खामगाव व अमरावतीच्या बाजाराचा बारकाईने अभ्यास केला. लिव्हरपूलचा भाव तारेने वऱ्हाडात येऊ लागला आणि वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला.

दूरच्या बाजाराची माहिती क्षणार्धात मिळवून व्यवहार करण्याचे हे वऱ्हाडातील पहिले आधुनिक तंत्र होय. त्यातून नवी कौशल्ये निर्माण झाली. तार पाठविणे व वाचणे, सरकी काढण्याची व गाठी दाबण्याची वाफेवरील यंत्रे चालविणे, कापसाची प्रत ठरविणे, व्यापारी पेढीचा नव्या पद्धतीचा हिशेब ठेवणे ही त्यांतील प्रमुख. मात्र ही कौशल्ये शिकविणारी उच्च शिक्षण संस्था प्रदेशात नव्हती. अमरावतीत किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले ते १९२३ साली, म्हणजे नागपूरला रेल्वे पोहोचल्यानंतर छप्पन्न वर्षांनी. जाणकार बाहेरून आले आणि स्थानिक मजूर यंत्राशेजारी उभा राहून जेवढे शिकता येईल तेवढे शिकला. भाव ज्याला आधी कळे तो अडत्या किंवा निर्यातदार असे. ज्याच्या शेतात कापूस पिकला त्याला तो सर्वांत शेवटी कळे.

तीन प्रश्नांची या काळातील उत्तरे स्पष्ट आहेत. कोणते कौशल्य हवे हे बाहेरच्या उद्योगाने ठरविले, शिकविणारा बाहेरचा होता आणि कौशल्याचा उपयोग माल बाहेर नेण्यासाठी झाला. पुढे प्रदेशात कापड गिरण्या उभ्या राहिल्या, पण त्यांचाही शेवट आश्वासक नाही. अकोल्याची सावतराम रामप्रसाद मिल आणि अचलपूरची विदर्भ मिल यांचे १९७४ साली राष्ट्रीयीकरण झाले आणि कालांतराने दोन्ही बंद पडल्या. गिरणी बंद झाल्यावर कामगारांच्या हातांतील कसबही विरून गेले, कारण ते जतन करून पुढच्या पिढीला देणारी संस्था गिरणीबाहेर नव्हती.

शिक्षणसंस्थांची उभारणी

या परिस्थितीला पहिले भरीव उत्तर दिले ते डॉ. पंजाबराव देशमुख यांनी. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेल्या पंजाबरावांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. शेतकऱ्यांच्या मुलांना शाळा-महाविद्यालये त्यांच्या परिसरातच उपलब्ध व्हावीत, हा त्यामागील हेतू होता. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री म्हणून काम करतानाही शिक्षण आणि शेती यांचा सांधा जोडण्याचा त्यांचा आग्रह कायम राहिला. त्यांच्या निधनानंतर, २० ऑक्टोबर १९६९ रोजी, अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले व त्यास त्यांचे नाव देण्यात आले. तत्पूर्वी १९६४ साली अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले होते.

भागीदारीच्या इतिहासात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ हे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे. तूर हे वऱ्हाडचे प्रमुख पीक आणि अकोला ही डाळ उद्योगाची मोठी पेठ. मोठ्या गिरणीची यंत्रणा खेड्यात परवडत नव्हती, म्हणून विद्यापीठाने लहान प्रमाणावर चालणारे यंत्र तयार केले. लघु उद्योजकांनी त्याचे उत्पादन केले आणि शेतकरी, बचत गट व ग्रामीण तरुण यांनी ते वापरात आणले. येथे गरज स्थानिक होती, ज्ञान विद्यापीठाचे होते, उत्पादन उद्योगाचे होते आणि उपयोग पुन्हा गावात झाला. यात संगणक कोठेही नाही. तरीही डिजिटल कौशल्यांच्या आजच्या चर्चेत ज्या भागीदारीची अपेक्षा केली जाते तिचा आराखडा या साध्या यंत्राच्या प्रवासात सापडतो.

१९८३ : विस्ताराचे वर्ष

१९८३ हे वर्ष वऱ्हाडच्या उच्च शिक्षणात निर्णायक ठरले. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. २००५ मध्ये त्याचे नामकरण संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ असे झाले. त्याच वर्षी वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना मान्यता देण्याचे धोरण स्वीकारले. त्यातून बडनेरा आणि शेगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली आणि तंत्रशिक्षण प्रथमच वऱ्हाडातील सर्वसाधारण कुटुंबांच्या आवाक्याजवळ आले. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील तथ्यशोधन समितीने १९८४ साली आपला अहवाल दिला. तिने अनुशेषाच्या मोजणीत तंत्रशिक्षणाचाही समावेश केला होता.

या विस्ताराची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. जागा वाढल्या, संगणकशास्त्राच्या शाखा सुरू झाल्या, पण त्या पदवीधरांना सामावून घेणारा माहिती तंत्रज्ञान उद्योग परिसरात आला नाही. तो पुणे, मुंबई, बंगळूर व हैदराबाद येथे वाढला. त्यामुळे बडनेऱ्याहून किंवा अकोल्याहून पदवी घेऊन पुण्याची गाडी धरणे हा वऱ्हाडी अभियंत्याचा नेहमीचा मार्ग झाला. व्यक्तिगत पातळीवर हा मार्ग निश्चितच उन्नतीचा होता. कापसाच्या भावावर चालणाऱ्या अनेक घरांना त्याने स्थैर्य दिले. प्रदेशाच्या दृष्टीने पाहता मात्र शिक्षणाचा खर्च वऱ्हाडातील कुटुंबांनी केला आणि त्याचा उत्पादक लाभ अन्यत्र झाला.

२००४ साली इन्फोसिस कंपनीने ‘कॅम्पस कनेक्ट’ हा कार्यक्रम देशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी सुरू केला. २००५ साली नॅसकॉम व मॅकिन्से यांच्या अहवालाने देशातील सुमारे २५ टक्केच अभियंते बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम करण्यास योग्य असल्याचे म्हटले आणि महाविद्यालयीन शिक्षणावर टीकेची झोड उठली. उद्योगाने अभ्यासक्रमात लक्ष घालणे ही त्या काळाची गरज होती, यात शंका नाही. परंतु ‘रोजगारक्षम’ या शब्दाचा अर्थ या चर्चेत फार संकुचित झाला. महानगरातील विशिष्ट कंपनीच्या प्रशिक्षणाला तयार असणे म्हणजे रोजगारक्षम असणे, अशी समजूत रूढ झाली. अमरावतीच्या सहकारी बँकेला, अकोल्याच्या डाळ गिरणीला किंवा बाजार समितीला कोणते संगणकीय कौशल्य हवे आहे, हा प्रश्न त्या चर्चेच्या परिघात आला नाही.

एमएस-सीआयटी : व्याप्ती आणि मर्यादा

डिजिटल साक्षरतेचा महाराष्ट्रातील सर्वांत व्यापक प्रयोग म्हणजे एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम होय. २००१ साली राज्याच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ मर्यादित ही कंपनी स्थापन झाली. शासन, विद्यापीठे आणि खाजगी क्षेत्र यांचा सहभाग असलेली ही रचना त्या काळात नवी होती. कंपनीने अभ्यासक्रम व शिकण्याची संगणकीय सामग्री तयार करावी, गावोगावच्या अधिकृत केंद्रांनी शिकवावे आणि तंत्रशिक्षण मंडळाने परीक्षा घ्यावी, अशी ही विभागणी होती. शासकीय सेवेसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्याने अभ्यासक्रमाला प्रचंड प्रतिसाद मिळाला. कंपनीच्या सांगण्यानुसार एक कोटीहून अधिक लोकांनी तो पूर्ण केला आहे.

या प्रयोगाचे श्रेय मोठे आहे. सामग्री मराठीतून उपलब्ध होती. केंद्र तालुक्याच्या गावी होते, त्यामुळे दर्यापूर, अकोट किंवा मूर्तिजापूरच्या मुलीला घर सोडून शहरात राहण्याची गरज उरली नाही. केंद्र चालविणारा तरुण उद्योजक गावातलाच होता. शिकविणारा कोणाचा, या दुसऱ्या प्रश्नाला इतके समाधानकारक उत्तर पूर्वीच्या कोणत्याही योजनेने दिले नव्हते. पुढे सेतू केंद्रे, महा ई-सेवा केंद्रे आणि ग्रामपंचायतींचे संगणकीकरण यांसाठी लागणारा मोठा तरुण वर्ग अशा केंद्रांमधूनच घडला.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पदवी महाविद्यालयांचा या व्यवस्थेत शैक्षणिक सहभाग अल्प राहिला. काही महाविद्यालयांनी केंद्र चालविले, पण इतिहास, वाणिज्य वा कृषी या विषयांच्या अध्यापनात संगणक त्यामुळे शिरला असे झाले नाही. विद्यार्थी सकाळी महाविद्यालयात पदवीचे शिक्षण घेई आणि सायंकाळी केंद्रात संगणक शिके. या दोन शिक्षणांची गाठ पडली नाही. प्रमाणपत्र हे नोकरीच्या अर्जाला जोडावयाचे कागदपत्र झाले आणि नोकऱ्यांची संख्या घटत गेली तसा त्याचा व्यावहारिक अर्थही क्षीण झाला.

हरिसालचा अनुभव

नोव्हेंबर २०१५ मध्ये मेळघाटात डिजिटल गाव उभारण्यासाठी महाराष्ट्र शासन व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याची घोषणा झाली आणि अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुक्यातले हरिसाल देशभर चर्चेत आले. दूरवैद्यक सेवा, डिजिटल वर्ग, जालजोडणी आणि रोखविरहित व्यवहार या सुविधा एका आदिवासीबहुल, कुपोषणग्रस्त भागात पोहोचविण्याचा हा प्रयत्न होता. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात या सुविधांच्या प्रत्यक्ष स्थितीवरून जाहीर वाद झाला. एका पक्षाने त्या बंद असल्याचा आरोप केला, तर शासनाने तो फेटाळला.

वादाचा निर्णय करणे हा या लेखाचा विषय नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की हे सहकार्य मुख्यतः शासन आणि कंपनी यांच्यात होते. तंत्रज्ञान गावात नेणे हे एक काम आणि ते दररोज चालते ठेवणे, बिघडल्यास दुरुस्त करणे, नव्या मुलांना शिकविणे हे दुसरे काम. दुसरे काम वर्षानुवर्षे चालते आणि त्यासाठी जवळपास कायमस्वरूपी संस्था असावी लागते. परिसरातील महाविद्यालय ही अशी संस्था आहे. कंपनीचा प्रकल्प संपतो, अधिकाऱ्याची बदली होते. महाविद्यालय मात्र दरवर्षी जूनमध्ये पुन्हा सुरू होते. करारात त्याला स्थान नसेल तर प्रयोगाला वारस राहत नाही.

करारांचा काळ

गेल्या दशकात भागीदारीला कायद्याचे व मूल्यांकनाचे अधिष्ठान मिळाले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ याने विद्यापीठांत नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद केली. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषदेने, म्हणजे नॅकने, २०१७ च्या सुधारित चौकटीत कार्यरत सामंजस्य करारांच्या संख्येला गुण दिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० च्या अंमलबजावणीत कार्यप्रशिक्षण व आंतरवासिता यांना श्रेयांक मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उद्योगातील अनुभवी व्यक्तींना ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली.

या सर्व तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु जे मोजले जाते तेच केले जाते, हा प्रशासनाचा अनुभव येथेही येतो. कराराची संख्या मोजली गेली, त्यामुळे करार झाले. करारावर स्वाक्षरी होते, छायाचित्र निघते, एखादे व्याख्यान होते आणि कागद धारिकेत जातो. त्यात कोणाचा अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. मंजूर पदे रिक्त असताना आणि अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर असताना करार जिवंत ठेवण्यासाठी लागणारा वेळ कोणाकडेही नसतो. उद्योगाचा तज्ज्ञ वर्षातून दोनदा येतो. उरलेले सर्व दिवस विद्यार्थी ज्याच्यासमोर बसतो तो महाविद्यालयाचा शिक्षक असतो. त्या शिक्षकाच्या प्रशिक्षणाची तरतूद ज्या करारात नाही तो करार विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमीच.

कौशल्याचा उपयोग कोठे?

तिसरा प्रश्न आज सर्वांत निकडीचा आहे, कारण डिजिटल कौशल्याची गरज आता वऱ्हाडच्या शेतापर्यंत पोहोचली आहे. २०१७ च्या कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांना ऑनलाइन अर्ज करावे लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणी प्रकल्पात, जो टाटा ट्रस्टच्या सहकार्याने विकसित झाला, शेतकऱ्याने स्वतःच्या पिकाची नोंद मोबाइलवर करणे अपेक्षित आहे. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ या ॲपवरील नोंदणी आवश्यक केली. १८६७ नंतर तारेवर येणारा भाव ज्याला वाचता येत नव्हता त्याचे नुकसान झाले. आज ज्याला नोंदणी करता येत नाही त्याचे नुकसान होण्याचा धोका आहे. दीडशे वर्षांनंतर मोठा फरक इतकाच की आज त्या शेतकऱ्याचा मुलगा वा मुलगी बहुधा जवळच्या महाविद्यालयात शिकत आहे.

या फरकाचा उपयोग करून घेणे शक्य आहे. कार्यप्रशिक्षणासाठी दूरच्या कंपनीचे पत्र शोधण्यापेक्षा बाजार समिती, जिनिंग कारखाना, डाळ गिरणी, सहकारी बँक, स्थानिक वृत्तपत्र आणि ग्रामपंचायत यांना भागीदार करता येईल. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी लहान उद्योजकाचा वस्तू व सेवा कराचा संगणकीय हिशेब हाताळू शकेल. संख्याशास्त्राचा विद्यार्थी बाजार समितीच्या आवक व भावाच्या नोंदींचे विश्लेषण करू शकेल. इतिहासाचा विद्यार्थी मोडी कागदपत्रांचे व जुन्या वृत्तपत्रांचे डिजिटल जतन शिकू शकेल. साधनांचा खर्च हीसुद्धा दुर्लंघ्य अडचण राहिलेली नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त संगणक प्रणालींचे धडे मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध केले आहेत.

मोठ्या उद्योगाची संधीही समोर आहे. केंद्राच्या पीएम मित्र योजनेत मार्च २०२३ मध्ये अमरावतीची निवड झाली आणि सुमारे १,००० एकरांवरील या वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वर्धा येथील कार्यक्रमात झाले. आधुनिक वस्त्रोद्योगात यंत्रनियंत्रण, संगणकीय आरेखन, गुणवत्ता तपासणी आणि मालाच्या मागोव्याची प्रणाली या सर्वांसाठी डिजिटल कौशल्य लागते. पार्क पूर्णपणे सुरू होण्यापूर्वीच विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालये व कृषी विद्यापीठ यांनी अभ्यासक्रमाची बोलणी केली नाहीत, तर कुशल माणूस बाहेरून येईल आणि स्थानिक तरुणाच्या वाट्याला पुन्हा यंत्राशेजारचे अकुशल काम येईल. कापसाच्या पहिल्या लाटेत नेमके हेच झाले होते आणि तेव्हा महाविद्यालय नव्हते हे कारण तरी देता येत होते.

निष्कर्ष

वऱ्हाडच्या अनुभवावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, उद्योग जवळ असणे किंवा करार होणे एवढ्याने कौशल्य प्रदेशात रुजत नाही. कापूस बाजार जवळ होता, तरी ज्ञान बाहेरचेच राहिले. दुसरा, जेथे स्थानिक संस्थेकडे स्वतःचे ज्ञान होते आणि उपयोगही स्थानिक होता तेथे भागीदारी टिकली. कृषी विद्यापीठाची दाल मिल हे त्याचे उदाहरण होय. तिसरा, एमएस-सीआयटीने व्याप्ती व मराठीकरण साधले, परंतु पदवी शिक्षणाशी त्याचा सांधा न जुळल्याने कौशल्य प्रमाणपत्रापुरते मर्यादित राहिले. चौथा, हरिसालसारख्या प्रयोगांना सातत्य हवे असेल तर परिसरातील महाविद्यालयाला करारातील तिसरा पक्ष म्हणून मान्यता मिळाली पाहिजे.

यास्तव भागीदारीचे मूल्यमापन करारांच्या संख्येवरून न करता, कराराची मुदत संपल्यानंतर महाविद्यालयात काय शिल्लक राहिले यावरून करणे इष्ट ठरेल. प्रशिक्षित शिक्षक, पुढेही चालणारा अभ्यासक्रम, वापरात असलेली सामग्री आणि परिसरातच काम मिळालेले विद्यार्थी या चार गोष्टी तपासता येण्याजोग्या आहेत. अभ्यासमंडळे व अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष यांनी आपल्या पुढील अहवालात कराराच्या रकान्याशेजारी या चार बाबींचा एक रकाना वाढविला, तरी वऱ्हाडातील महाविद्यालयांना आपल्या कार्याचे अधिक खरे चित्र दिसू शकेल.